वंशावळ जिथे संपते

शिकागोला मुलाकडे आले की दुपारचं काय करायचं हा प्रश्न असतो. सगळे आपापल्या कामाला, आणि मला दुपारी झोप लागत नाही. अशाच एका दुपारी वॉल्टन स्ट्रीटवरच्या न्यूबेरी लायब्ररीत शिरले. प्रवेश फुकट, आत निवांत, आणि पुस्तक घरी न्यायची सोयच नाही. म्हणजे परत करायची कटकटही नाही.

टेबलांवर बहुतेक माझ्याच वयाची मंडळी. एक आजोबा भिंग धरून नावांची जुनी यादी बघत होते. बोट ओळीवरून खाली सरके, अडे, परत वर जाई. खापरपणजोबा शोधत असणार. अमेरिकेत घराण्याचा इतिहास धुंडाळणाऱ्यांचं ही लायब्ररी म्हणजे माहेरघरच.

मला एक खोड आहे. कुणाचीही वंशावळ हातात आली की मूळपुरुष राहू दे बाजूला, ती कुठे कुठे थांबली ते मी आधी बघते. आमच्या कुलवृत्तांताच्या शेवटी घडी घातलेला तक्ता होता. आजोबा तो दिवाळीत ओटीवर पसरायचे आणि आम्ही पोरं पालथी पडून आपापली नावं शोधायचो. मुलग्यांना सापडायची. मुली तक्त्यात नव्हत्याच. आम्ही आतल्या पानांत, बारीक टायपात. एकदा मला आजोबांच्या धाकट्या भावाचं, अप्पांचं नाव सापडलं. त्याखाली एक आडवी रेघ, पुढे काही नाही. "अप्पांचं काय झालं?" असं मी विचारलं. "काही झालं नाही," असं म्हणून आजोबांनी तक्ता मिटला. अप्पा तेव्हा मागच्या पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते, खुशाल!

तर त्या दुपारी मी ज्याच्या नावाची लायब्ररी त्याचीच वंशावळ काढून बसले.

वॉल्टर लूमिस न्यूबेरी. जन्म 1804, कनेटिकटचा. थोरला भाऊ ऑलिव्हर डेट्रॉइटला जहाजांच्या धंद्यात होता. वॉल्टर आधी त्याच्या हाताखाली गेला आणि 1833 मध्ये शिकागोला आला. तेव्हा शिकागो म्हणजे चिखल आणि चारदोनशे माणसं. याने एकरांनी जमीन घेतली आणि पुढे फुटांनी विकली. मग काय, सावकारी, रेल्वेचं अध्यक्षपद, आणि गावकीही: नगरसेवक, नगरपालिकेचा हिशेबनीस, शाळा मंडळाचा अध्यक्ष, काही काळ हंगामी महापौरसुद्धा. ही यादी मी भराभर वाचली. पैसेवाल्या माणसाची पदं सगळ्या गावांत सारखीच असतात.

खरी गंमत मृत्युपत्रात. बायको आणि दोन मुली, मेरी आणि ज्युलिया. मुली निःसंतान गेल्या तर बायकोच्या पश्चात इस्टेटीचा अर्धा भाग आपल्या भावाबहिणींच्या वंशजांना, आणि अर्ध्यातून शहराच्या उत्तर भागात सर्वांसाठी मोफत ग्रंथालय. घरात लग्नाच्या वयाला येत असलेल्या मुली असताना बापाने हे कलम कसं लिहिलं असेल? वकिलाने सुचवलं असेल, आणि यानेही "घाला तेही" म्हटलं असेल.

1868 मध्ये युरोपला कुटुंबाकडे जाताना तो जहाजावरच वारला. प्रेत रमच्या पिंपात घालून परत आणलं आणि पिंपासकटच ग्रेसलँडच्या दफनभूमीत पुरलं, असं लोक सांगतात. 1871 मध्ये शिकागोला मोठी आग लागली, तीत त्यांचं घर जळालं. ज्युलियाची चित्रं काढायची खोली त्यात गेली. मुलगी तेव्हा परदेशी. तिची रोजनिशी पुढे 1933 मध्ये छापली गेली, म्हणून हे कळतं. मेरी 1874 मध्ये फ्रान्समध्ये वारली, ज्युलिया 1876 मध्ये रोममध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी. विश्वस्तांना ग्रंथालयाची घाई होती, पण कोर्टाने सांगितलं, विधवा हयात आहे तोवर थांबा. ती 1885 मध्ये गेली. 1887 मध्ये ग्रंथालय निघालं. आजची इमारत 1893 ची. मॅलन ऑग्डेन नावाच्या गृहस्थाचं घर आगीतून वाचलं होतं, त्या जागेवर ती उभी आहे.

म्हणजे त्या दोघींपैकी एकीला जरी पोर झालं असतं तर भिंगवाल्या आजोबांना दुसरीकडे कुठे बसावं लागलं असतं. मुली, त्यात अविवाहित. आमच्या तक्त्यात त्यांना रेघसुद्धा मिळाली नसती.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. मुलाने फक्त एवढंच विचारलं, "आणि उरलेल्या अर्ध्याचं काय झालं?"

काय व्हायचंय? पुतण्या-भाच्यांनी वाटून खाल्लं असेल. पैसा काय, खायलाच असतो. भात वाढू का म्हटलं.