बुकमार्क हलेनात, आणि पंगत मोडली ती मीच

गोव्यात सांखळीला माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण निम्मं काम कॉम्प्युटरवरचं. कुणाचं विजेचं बिल भरायचं असतं, कुणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा असतो, कुणाचा पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचा अर्ज सरकारच्या ‘गोवा ऑनलाइन’ या साइटवर चढवायचा असतो, कुणाला थिवीहून मुंबईचं तिकीट काढायचं असतं. गिऱ्हाईक समोर उभं, मागे दोघेजण छत्र्या झटकतायत, अशा वेळी मी पत्ते टाइप करत बसले तर दुकान चालायचं नाही. म्हणून फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये दोनशेच्या वर बुकमार्क, म्हणजे नेहमी लागणाऱ्या पानांचे पत्ते, साठवलेत आणि त्यांची फोल्डरं केलीत.

त्या फोल्डरांतला क्रम लावलाय तो गिऱ्हाइकांच्या वेळा बघून. सकाळी दुकान उघडतानाच तिकीटवाले दारात असतात, म्हणून ‘रोजचं’ या फोल्डरात रेल्वे सगळ्यांत वर. दहानंतर बिलंवाले. दुपारकडे मामलेदार कचेरीत जाऊन आलेले, एखादा कागद कमी पडलेले. मग गृह आधार, दयानंद योजना, लाडली लक्ष्मी अशा सरकारी योजनांवाले. इतक्या वर्षांत असं झालंय की मी पडद्याकडे न बघताच माउस नेते. तिसरं फोल्डर, चौथी ओळ. वाचावं लागत नाही.

२०२५ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला, बुधवारी होती. त्याच्या आदल्या शुक्रवारची ही गोष्ट. चवथीच्या आधी जो तो सगळं उरकायच्या घाईत, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाची पिशवी एका हातात आणि बिल दुसऱ्या हातात. म्हटलं, आठवडाभर तरी बिलाची ओळ रेल्वेच्याही वर आणून ठेवू. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्कची लायब्ररी, म्हणजे ते सगळे दाखवणारी खिडकी, उघडली, बिलाची ओळ माउसने धरली, वर ओढली, सोडली. ओळ होती तिथेच. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. खाली नेऊन बघितली, तेही नाही. दुसरी एक ओळ धरली तर तीही जागची हलेना.

‘ताई, म्हाका बिल भरपाचें आसा,’ समोरून आवाज आला. लायब्ररी बाजूला सारली आणि कामाला लागले.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा बसले. पहिला संशय माउसवर. झेरॉक्सची धूळ खाऊन त्याचं डावं बटण अधूनमधून दगा देतं. पण डेस्कटॉपवरची फाईल ओढली तर ती निमूट सरकली. मुलाचा माउस लावून बघितला, लायब्ररीत तोही हरला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टरवर अर्धा तास काढला. काही फरक नाही.

शनिवारी दुकान मिटल्यावर जरा पद्धतशीर लागले मागे. हेल्प मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ असतो. त्यात ब्राउझर एक्स्टेन्शन आणि थीम बाजूला ठेवून उघडतो, म्हणजे आपण वरून बसवलेल्या कशामुळे बिघाड झालाय का ते कळतं. तिथेही ओळ ढिम्म. मग पत्त्याच्या जागी ‘अबाउट’, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ‘सपोर्ट’ असं लिहून ते लांबलचक माहितीचं पान उघडलं. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि हिस्टरी, म्हणजे उघडलेल्या पानांची नोंद, एकाच फाईलमध्ये असतात, ‘प्लेसेस डॉट एसक्यूलाइट’ तिचं नाव. २००८ सालच्या फायरफॉक्स ३ पासून हीच पद्धत. ही फाईल खराब झाली तर बुकमार्क नवे होत नाहीत, बदलत नाहीत, असं कुठेतरी वाचलं होतं. त्या पानावर खाली ‘प्लेसेस डेटाबेस’ या भागात ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’ असं बटण आहे. ते दाबलं की फाईलची तपासणी होऊन इंग्रजीत अहवाल येतो. त्यातली एक ओळ म्हणते डेटाबेस ‘सेन’ आहे, पुढची म्हणते ‘कोहेरंट’ आहे. म्हणजे डोकं ठिकाणावर, बोलणं सुसंगत. रात्री साडेअकरा वाजता माझ्याबद्दल असा दाखला कुणी दिला नसता.

फाईलचं नाव बदलून टाकायचं, म्हणजे ब्राउझर नवी तयार करतो, हाही उपाय माहीत होता. तो केला नाही ते बरं. त्यात बुकमार्क शेवटच्या बॅकअपवरून परत येतात, पण हिस्टरी जाते. अर्धवट भरलेले अर्ज मी बऱ्याचदा हिस्टरीतूनच पुन्हा गाठते.

आणि मग मी तो मूर्खपणा केला. ‘रोजचं’ फोल्डरावर राइट क्लिक केलं तर यादीत ‘सॉर्ट बाय नेम’ दिसलं. वाटलं, ही ओळ ओढून हलत नाही ना, मग सगळ्यांनाच एकदा गदागदा हलवू, कुठे अडकलंय ते सुटेल. दाबलं. क्षणात सगळं बदललं. आतली पोटफोल्डरं वर गेली, त्यांच्याखाली इंग्रजी नावांचे बुकमार्क, आणि मी मराठीत नावं दिलेले सगळे तळाला. फोल्डराच्या शेवटाकडे मी एक आडवी रेघ घालून ठेवलेली, तिच्या खालचे तेवढे आपापसात फिरले, रेघ ओलांडून वर कुणी आलं नाही. वर्षानुवर्षांचा क्रम गेला. बिलाची ओळ अजून ओढून हलत नव्हतीच.

तेव्हाच कंट्रोल आणि झेड दाबलं असतं तर काम झालं असतं. लायब्ररीत केलेला बदल असा मागे घेता येतो, हे मला रविवारी कळलं. शनिवारी मी चिडून सगळं बंद केलं, कॉम्प्युटरसकट. ब्राउझर बंद झाला की मागे घ्यायची सोयही संपते.

रविवारी बहिणीचा मुलगा आला, वेर्ण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. चवथीचा फराळ पोचवायला आलेला, मी त्याला आधी खुर्चीत बसवलं. चहा नंतर.

त्याने लायब्ररी उघडलीच नाही. विचारलं, ‘मावशी, वरच्या टूलबारवर ओढून बघितलंस?’

‘टूलबारवर कशाला? माझं सगळं फोल्डरांत आहे.’

‘बघ तरी.’

टूलबारवर सात-आठ फोल्डरं आहेत. ‘योजना’ धरलं, ‘बँका’च्या अलीकडे आणून सोडलं. गेलं गुमान. मग टूलबारवरचंच ‘रोजचं’ उघडून त्यातली एक ओळ धरून ओढली, तीही गेली. दोन रात्री मी ज्याच्यासाठी झगडत होते ते इथे एका ओढीत होत होतं आणि मी इथे एकदाही हात लावून बघितला नव्हता.

‘म्हणजे माउस बरा, फाईल बरी,’ तो म्हणाला. ‘आता लायब्ररीत तू रोज करतेस तसं करून दाखव.’

मी उघडली आणि नेहमीप्रमाणे वरच्या पट्टीत ‘नेम’ या शब्दावर क्लिक केलं. ही सवय मला त्याच आठवड्यात लागलेली. एक जुनं पान सापडत नव्हतं, तेव्हा नावावर क्लिक केलं की सगळं अक्षरांप्रमाणे लागतं हे मला कळलं आणि आवडलं. तेव्हापासून लायब्ररी उघडली की हात आपोआप तिथे जायचा.

‘हा बाण बघ,’ त्याने बोट ठेवलं. ‘नेम’च्या शेजारी एवढासा बाण होता. दोन रात्री तो माझ्या डोळ्यांसमोर होता. लायब्ररीतली यादी अशी कुठल्याही रकान्याप्रमाणे लावलेली असली, नावाच्या असो की तारखेच्या, की त्यात ओळ वर-खाली करता येत नाही. यादीने आधीच ठरवलंय कोण कुठे ते, तुमच्या ओढण्याला तिथे जागा नाही. वर ‘व्ह्यूज’ मेनूत ‘सॉर्ट’, त्यात ‘अनसॉर्टेड’ निवडायचं. त्याने निवडलं, बाण गेला, आणि बिलाची ओळ ओढल्याबरोबर वर चढली.

मला अजून एक गोष्ट पटत नव्हती. बाणाने अक्षरांप्रमाणे लावलं तेही सॉर्ट, राइट क्लिकने लावलं तेही सॉर्ट. मग बाण काढला तरी ‘रोजचं’ अक्षरांप्रमाणेच का?

‘मावशी, देवळात पंगत बसलीय समज,’ तो म्हणाला. ‘कोण कुठे बसलाय ते बसलाय. तू वहीत त्यांची नावं अक्षरांप्रमाणे उतरवून घेतलीस. हा झाला बाण. पंगतीतला एकही माणूस हलला नाही. आता तू वहीत जोश्याला गावकराच्या वर चढवायला बघतेस, तर वही कशी ऐकेल? राइट क्लिकचं मात्र वेगळं. काल रात्री तू अख्खी पंगत उठवलीस आणि पाटं बदलून सगळ्यांना पुन्हा बसवलंस.’

नंतर त्याने दाखवलं की त्या फाईलमध्ये प्रत्येक बुकमार्कपुढे तो कुठल्या फोल्डरात आहे आणि त्यात कितव्या जागी आहे, असे आकडे लिहिलेले असतात. मोजणी शून्यापासून. बाण त्या आकड्यांना हात लावत नाही, ‘सॉर्ट बाय नेम’ ते आकडेच नव्याने लिहितं. ज्या फोल्डरावर दाबलं तेवढ्याचेच, आतल्या फोल्डरांचे नाही. म्हणून माझ्या ‘योजना’ आणि ‘बँका’ वाचल्या.

आता जुनी पंगत परत बसवायची होती. ‘रोजचं’मध्ये साठेक ओळी. मला वाटलं होतं तोंडपाठ असतील. कागद घेऊन लिहायला बसले तर पहिल्या अकरानंतर अडले. हाताला ठाऊक होतं, मला नाही.

फायरफॉक्स बुकमार्कांचा रोजचा बॅकअप आपला आपण घेत असतो आणि शेवटचे पंधरा जपून ठेवतो. लायब्ररीतच ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’ मेनूत ‘रीस्टोर’ असतं, त्यात तारखांची यादी. तारखेपुढे त्या दिवशी किती बुकमार्क होते तेही लिहिलेलं. शुक्रवारच्या तारखेपुढे २११ होते, आता माझ्याकडे २१४. म्हणजे शुक्रवारनंतर मी तीन घातले होते. रीस्टोर केलं की आत्ताचं सगळं जाऊन जुनं सगळं येतं, दोन्ही एकत्र होत नाहीत. ब्राउझर तसं विचारतोही. म्हणून आधी ते तीन पत्ते झेरॉक्सच्या रद्दी कागदावर उतरवले. भाच्याने वर आणखी एक केलं. ‘एक्सपोर्ट बुकमार्क्स टू एचटीएमएल’ करून सध्याची स्थिती एका फाईलमध्ये डेस्कटॉपवर ठेवली. ही फाईल परत घेतली तर ती असलेल्यांत भर घालते, पुसत काही नाही, त्यामुळे एकेक बुकमार्क दुप्पट होऊ शकतो. वापरायची वेळ आली नाही, पण असलेली बरी.

शुक्रवारची तारीख निवडली, होय म्हटलं. ‘रोजचं’ उघडलं. वर रेल्वे, खाली बिलं, सगळे आपापल्या पाटावर. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. बुकमार्कांसाठी रडणारी बाई म्हणून भाचा आता मला घरात चिडवतो.

त्या बसल्या बैठकीत आणखी एक घोळ निस्तरला. लायब्ररीच्या वरच्या कोपऱ्यात शोधायची चौकट असते. तिथे ‘उतारा’ लिहून आलेल्या यादीत मी मागे एकदा ओढाताण केली होती आणि तीही फुकट गेलेली. शोधून आलेली यादी म्हणजे वेगवेगळ्या फोल्डरांतून गोळा केलेली माणसं, तिला स्वतःची पंगत नाही. टॅगांखाली, म्हणजे बुकमार्कांना लावलेल्या चिठ्ठ्यांखाली, दिसणाऱ्या यादीचंही तेच. क्रम लावायचा तर ज्या फोल्डरात तो बुकमार्क खरोखर राहतो तिथे जाऊनच.

चहा घेताना तो ‘रोजचं’ न्याहाळत होता. म्हणाला, ‘मावशी, हे गॅसच्या बुकिंगचं पान रेल्वे आणि बिलांच्या मधे का? ते खाली टाकू?’

मी म्हटलं, ‘वरच्या आळीतली आजी साडेनऊला येते, मुलाच्या नावाचं सिलिंडर लावायला. तिला उभं राहवत नाही. हात लावू नकोस.’

त्याने माउस सोडला आणि लाडवाचा डबा उघडला.