मार्साला: फ्लोरिओंच्या कोठारात

मार्साला ही वाइन आपल्यापैकी बहुतेकांना मेनूकार्डावरूनच माहीत असते. चिकन मार्साला, नाहीतर तिरामिसूच्या कृतीतले दोन चमचे. इटलीच्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला, ज्या गावाचं नाव या वाइनला मिळालं तिथे जाऊन आल्यावर मात्र तिला 'स्वयंपाकाची वाइन' म्हणणं मला जिवावर येतं.

पालेर्मोहून बसने मार्सालाला पोचलो आणि थेट समुद्राकाठचं फ्लोरिओ या जुन्या वाइनरीचं आवार गाठलं. आतलं कोठार पाहून पहिली काही मिनिटं कुणी बोललंच नाही. १६५ मीटर लांब दालनं, एकामागून एक अशा १०४ टोकदार कमानी आणि दोन्ही बाजूंना ओकची काळपट पिंपं. जमीन फरशीची नाही, तूफो नावाच्या इथल्याच पिवळसर दगडाच्या भुकटीची आहे. उन्हाळ्यात ती हवेत ओल आणि गारवा धरून ठेवते. पिंपं काठोकाठ भरत नाहीत. वर मोकळी सोडलेली हवा वर्षानुवर्षं वाइनला लागत राहते आणि तिच्यातूनच तो रंग, तो वास येतो. एका पिंपाच्या तोटीखाली वाइन ओघळून लाकडावर काळा, चिकट डाग पडला होता. नाक जवळ नेलं, तर सुक्या अंजिराचा आणि अक्रोडाचा वास.

गोष्ट नेहमी इंग्रजांपासून सुरू होते. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस हा व्यापारी इथे आला, त्याला इथली वाइन आवडली, आणि लांबच्या समुद्रप्रवासात ती टिकावी म्हणून त्याने तिच्यात स्पिरिट घालून ती इंग्लंडला धाडली. १८०० मध्ये इंग्रज नौसेनानी नेल्सनने आपल्या आरमारासाठी तिची मागणी नोंदवली. हे सगळं खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले शेतकरी घरच्या पिंपातली जुनी वाइन काढत आणि तेवढीच नवी ओतत. पीप कधी रिकामं होतच नसे. त्या वाइनला ते 'पेर्पेतुओ' म्हणत. वुडहाउसला आवडली ती चव याच पद्धतीतून आली होती, आणि त्या शेतकऱ्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटलं.

म्हणूनच विन्चेन्झो फ्लोरिओ मला भावला. कालाब्रियातून पालेर्मोला आलेल्या, मसाल्याचं आणि औषधी जिनसांचं दुकान चालवणाऱ्या घरातला हा मुलगा. १८३३ मध्ये त्याने वुडहाउस आणि इंगहॅम या दोन बड्या इंग्रज पेढ्यांच्या मधल्या जागेत आपली वाइनरी उभारली. पुढे १९२० च्या दशकात चिंझानो या इटालियन मद्यकंपनीने या तिन्ही कंपन्या घेतल्या, आणि एकत्र केलेल्या धंद्याला नाव ठेवलं ते फ्लोरिओचंच!

११ मे १८६० ला इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्डी आपल्या हजार स्वयंसेवकांसह याच गावाच्या बंदरात उतरला. १९४३ मध्ये, त्याच तारखेला, दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात गावाची भयंकर हानी झाली. आज शांत उभ्या असलेल्या कमानींखाली हे ऐकताना अंगावर काटा आला.

मग चव. मार्सालाच्या 'अंब्रा' या प्रकारात आटवलेला द्राक्षरस घालतात, त्यामुळे ती गडद आणि गोडसर लागते. विसाव्या शतकात मार्सालाच्या नावावर अंडं, कॉफी असलं काहीही घालून बाटल्या विकल्या गेल्या आणि तिची पत गेली ती तिथे. १९८४ च्या कायद्याने अशा पेयांवर मार्साला हे नाव लावणं बंद केलं. तुम्ही गेलात तर 'व्हेर्जिने' हा प्रकार मागा. तिच्यात आटवलेला रस नाही, साखर नावापुरती, आणि निदान पाच वर्षं पिंपात मुरलेली. 'स्त्राव्हेक्कियो' लिहिलं असेल तर दहा. किंचित थंड करून, जुन्या मुरलेल्या चीजच्या तुकड्यासोबत घ्या. जिभेवर आधी सुका मेवा येतो, मागून अगदी पुसटसा खारटपणा.