ग्वाल्हेरची थंडी, काकांची सिगडी आणि मडगावहून आलेली माळ

पंजाब मेलमधून ग्वाल्हेरला उतरले आणि पहिला श्वास घेतला तेव्हाच कळलं की ठाण्याहून आणलेला स्वेटर इथे काही कामाचा नाही. जानेवारीत इथे रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि थंडी कोरडी, थेट हाडात शिरणारी. मावशी दारातच म्हणाली, "यंदा सर्दी फार पडून राहिलीय ग," आणि माझ्या अंगावर काकांची शाल टाकली. इथली मराठी माणसं थंडीला सर्दीच म्हणतात, दोन दिवसांत मीही म्हणायला लागले.

मावशीचं घर लष्करमध्ये, दौलतगंजच्या बाजूला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, म्हणून या भागाचं नावच लष्कर पडलं, आणि काकांचे पूर्वज त्याच फौजेबरोबर आले असं काका सांगतात. घर जुनं, मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या. या अंगणाचं महत्त्व पुढे येईलच.

तर माझ्या बॅगेत होती चोरिसाची माळ. चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज, डुकराचं मांस सुकी लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं आणि माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये मुरवायचं, आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारून उन्हात आणि धुरावर वाळवायचं. छोट्या मण्यांची माळच दिसते. काका बँकेत होते, त्यांची १९८५ च्या आसपास तीन वर्षं मडगावला बदली झाली होती. तिथली घरमालकीण पावसाळ्यात त्यांना वाटीभर चोरीस द्यायची. ती चव त्यांनी नंतर कधी घेतली नाही. मी डिसेंबरात गोव्याला जाणार कळल्यावर फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "जमलं तर एक माळ आण बेटा." आता काका कधी कोणाकडे काही मागत नाहीत, त्यामुळे ते "जमलं तर" मला पुरेसं होतं. तीन पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर स्टीलचा डबा, तरी गाडीच्या डब्यात वास पसरलाच आणि समोरच्या बाईंनी विचारलं, लोणचं आहे का? व्हिनेगर आणि लसूण, चूक त्यांची नाही.

मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात हे नाही हं. तिच्या ओट्याशेजारी देवघर आहे, बरोबरच होतं तिचं. म्हणून सिगडी, अंगणात. बंद खोलीत कोळसा पेटवायचा नसतोच, त्यातून निघणारा विषारी वायू जिवावर बेततो, तेव्हा अंगण हेच ठिकाण. सकाळी दादाबरोबर टालवर जाऊन कोळसा आणला, येताना महाराज बाड्यावरून, म्हणजे इथल्या मुख्य चौकातून, तीळ-गुळाची गजक घेतली आणि एका बेकरीतून पाव. किल्ला त्या दिवशी धुक्यात पूर्ण गायब होता, वर जाऊन काही दिसणार नव्हतं, गेलोच नाही.

संध्याकाळी सहाला काका स्वतः पाट घेऊन सिगडीशेजारी बसले. माळ हातात घेतली, नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग दोरा कापला, एकेक मणी चिरून आतलं मांस बाहेर काढायचं काम त्यांनीच केलं, बोटं लालभडक.

आता करायचं कसं ते सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. तेल घालायचं नाही, अजिबात नाही. पातेल्यात मांस आणि ते जेमतेम बुडेल एवढं पाणी, मंद आच, वीसेक मिनिटं. पाणी आटत येतं तशी चरबी आपोआप सुटते आणि वर लाल तवंग येतो. मग उभा चिरलेला भरपूर कांदा, दिसतो त्याच्यापेक्षा दुप्पट घ्या, आणि बटाट्याच्या फोडी. इथे हिवाळ्यात नवा बटाटा येतो, सालासकट घातला. झाकण ठेवून पुन्हा पंचवीस मिनिटं. मीठ, मसाला काहीही चव घेतल्याशिवाय नाही, मांसातच सगळं असतं. दादाने मूठभर मटार टाकले, मला आवडलं नव्हतं, पण त्या आंबट-तिखट रश्श्यात इथला कोवळा मटार खरंच छान लागला, मान्य.

मग ताटं वाढली आणि जे झालं ते गोव्यात कधी बघितलं नव्हतं. दोन मिनिटांत ताटाच्या कडेला तो लाल तवंग थिजला, मेणासारखा, बोटाने सरकवला तर पापुद्रा निघाला. तिकडे जुलैतही हवा उबदार असते, चरबी पातळच राहते. इकडे सहा-सात अंशांत अंगणात बसून जेवायचं म्हणजे ही गोष्ट वेगळीच. मावशी स्वतः खात नाही पण तिनेच मार्ग काढला, म्हणाली ताटं बाजूला ठेवा, पातेलं सिगडीवरच राहू दे, सगळ्यांनी भोवती बसा आणि त्यातूनच घ्या. आणि ती आत जाऊन गरम गरम बाजरीच्या भाकऱ्या थापायला लागली. पाव राहिला बाजूलाच. बाजरीच्या भाकरीचा जाड तुकडा त्या रश्श्यात बुडवून, हात सिगडीवर शेकत, तोंडातून वाफ येतेय, कान गोठलेत आणि गळ्यापासून पोटापर्यंत ऊब उतरतेय, याच्या पुढे मला काही सांगता येत नाही.

काका हळूहळू खात होते. मधेच म्हणाले, तिथे बाहेर पाऊस धो धो आणि आत ती बाई पातेल्यावर झाकण ठेवून बसलेली असायची, मी म्हणायचो किती वेळ अजून, ती म्हणायची वास बदलेपर्यंत. खरंच आहे, व्हिनेगरचा झोंबरा वास जाऊन गोडसर वास येतो, तेव्हा झालं. मी आजवर घड्याळ बघत होते.

गोव्यात पावसाळ्याआधी जी बेगमी करून ठेवतात, पुरुमेंत म्हणतात त्याला, त्यात हे असतंच, खारवलेलं-वाळवलेलं, महिनोन्महिने टिकणारं. त्यामुळे उरलेली अर्धी माळ मावशीच्या परवानगीने अंगणातल्या खिळ्याला टांगली, लसणाच्या जुडीशेजारी, वारा लागेल अशी.

परतीच्या गाडीत झाशी ओलांडली तेव्हा काकांचा फोन आला. "दोन मणी काढले ग, पुलाव केला. तांदूळ आधी त्या लाल तेलात परतले, बरोबर ना?"