ससाणेबाजीची उमेदवारी

शिकारी पक्षी पाळून त्याच्याकडून शिकार करवायची, ही ससाणेबाजी. ती शिकणाऱ्या उमेदवाराला, म्हणजे शिकाऊ माणसाला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पक्ष्याचं तोंड दिसायच्या आधी कागदांचीच शिकार करावी लागते. लेखी परीक्षा, तीत ८० टक्के मिळाले तरच पास. मग हंटिंग लायसन्स. मग निदान दोन वर्षं तुमची उमेदवारी बघायला तयार असलेला जुना ससाणेबाज, म्हणजे स्पॉन्सर, गाठायचा. परसात पक्ष्याची खोली बांधली की अधिकारी येऊन बैठकीची दांडी, अंघोळीचं पसरट भांडं, ग्रॅममध्ये मोजणारा काटा, सगळं बघून जातो. आमच्या घरी मात्र खरा तंटा पक्ष्याचं खाणं ठेवायच्या फ्रीझरवरून झाला. "माझ्या मटारशेजारी तुझे उंदीर नकोत," बायकोने बजावलं. गराजमध्ये दुसरा फ्रीझर आला.

पक्षी धरायला वापरतात तो सापळा मूळचा आपल्याकडचाच, नावही बाल-चत्री. तारेची बुटकी घुमटी, आत जिवंत उंदीर, वर नायलॉनचे फास. ससाणा झडप घालतो, उंदराला काही होत नाही, नख्या फासात अडकतात. उमेदवाराला वर्षाच्या आतलाच पक्षी धरता येतो. सापडलेल्या रेड-टेल्ड हॉकची शेपटी लाल झालेली असली, म्हणजे तो मोठा असला, की सोडून द्यायचा. आम्हाला मिळाली ती रेड-टेल्ड हॉकची मादी, शेपटीवर अजून तपकिरी पट्टे, वजन १२४० ग्रॅम. रोज सकाळी ती न पचलेल्या केसांची गोळी ओकते. ती गोळी बघितल्याशिवाय खायला घालायचं नाही, हा आमच्या स्पॉन्सरचा दंडक.

आता वादाचं. २०१४ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वेगळा परवाना गेला, राज्याचा पुरतो. नियमांची चौकट मात्र केंद्राचीच. न कळवता, वॉरंटशिवाय होणाऱ्या तपासणीविरुद्ध काही ससाणेबाज २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला, २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा उभा केला.

मला विचाराल तर पक्षी हाती येण्याआधी हवं तितकं कडक वागा. ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात जन्मलेला हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी कोणीही परीक्षेविना विकत घेऊ शकतो, ते मला पटत नाही. भारतात १९७२ च्या कायद्यामुळे शिकरासुद्धा घरी ठेवता येत नाही, तिथे तर प्रश्नच मिटला. पण नवा पक्षी माणसाळत असताना अनोळखी माणूस दारात उभा राहिला, की पक्षी दांडीवरून उलटासुलटा फडफडतो, पिसं मोडून घेतो. मोडलेलं पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत तसंच. आदल्या दिवशी एक फोन करायला काय जातं?

स्पॉन्सरना हे मान्य नाही. "येऊ देत की! लपवायचंय काय?" म्हणतात. लपवायचं काहीच नाही हो. पण परवाना हवा तर अशा तपासणीला मान तुकवायची, नाहीतर पक्षी विसरायचा, हीच तर त्या खटल्यातली मेख आहे.