काळीच्या पोटाखाली 6 पिल्लं

आमची काळी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, 21 दिवस उलटून गेले तरी एक पण अंडं फुटलं नाही, रात्री टॉर्च लावून बघितलं तर सगळी अंडी वांझ. ती मात्र उठायला तयार नाही, दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उतरायची की परत टोपलीत, छातीची पिसं गळालेली, मला बघवेना. मग चोपड्याहून एका दिवसाची 6 गिरिराज जातीची पिल्लं आणली.

माय म्हणे दिवसा दाखवू नको, टोचून मारेल. म्हणून रात्री अंधारात एका हाताने अंडं काढायचं, दुसऱ्याने पिल्लू सरकवायचं, असं एकेक करत गेलो. कोंबडीचं अंग 41 डिग्रीच्या आसपास असतं, पोटाखाली हात घातला की ती ऊब कळते. पहिल्या वेळी माझ्या मनगटावर चोच मारली, मग आतून पिल्लू चिवचिवलं आणि ती घशातल्या घशात कुक कुक करायला लागली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पिल्लं एक-दोन दिवसांचीच घ्या बरं, मोठी झालेली तिच्या मागे जात नाहीत आणि ती पण त्यांना पटकन घेत नाही. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून, नाहीतर बुडतात.

पहाटे 5 ला डालं उचललं तर पंखातून दोन पिवळी डोकी बाहेर. आता गोठ्याजवळ निंबाच्या सावलीत बाजरीचा भरडा उकरून सहाही जणांना बोलावते, मांजर दिसलं की अंग फुगवून धावते.