सेकंड फिडल, ऑल्सो-रॅन आणि आपले सीएचबीचे सर

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करतात आणि 'सेकंड फिडल', 'ऑल्सो-रॅन', 'स्मॉल फ्राय' या सगळ्यांपुढे 'दुय्यम' एवढाच अर्थ लिहून मोकळी होतात. तो अर्थ परीक्षेपुरता चालतो, वापरायला मात्र अपुरा पडतो.

'सेकंड फिडल' म्हणजे दुसरे व्हायोलिन. तंतुवाद्यांच्या चौकडीत मुख्य सुरावट बहुतेक वेळा पहिल्याकडे असते, पण दुसरे गाळले तर वादन उभेच राहत नाही. म्हणून सरपंचाच्या सावलीत कारभार ओढणाऱ्या उपसरपंचाला हा प्रयोग शोभतो. 'ऑल्सो-रॅन' मात्र घोड्यांच्या शर्यतीतून आला. क्रमांकात न आलेल्या घोड्यांची नावे निकालात 'हेही धावले' अशा मथळ्याखाली छापली जात, त्यामुळे तो अनामत जप्त झालेल्या उमेदवाराला लावावा, उपसरपंचाला नव्हे. 'लो मॅन ऑन द टोटेम पोल', म्हणजे उतरंडीत सर्वांत खालचा, हा प्रयोग मी कोणालाच सुचवत नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींच्या त्या कोरीव खांबांवर तळाची आकृती सर्वांत हलकी असते, हा समजच चुकीचा आहे.

खरी गंमत आपल्या कचेऱ्यांतल्या इंग्रजीत आहे. निजामी अमलात जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत. उतरंड तेव्हाही होती आणि तहसील कचेरीतले नायब तहसीलदार तिची आठवण अजून टिकवून आहेत, परंतु ती नावे पदाला होती. 'क्लास फोर' माणसालाच चिकटते. शासनदरबारी आता 'गट ड' असे लिहितात, तरी शाळेतल्या ज्या शिपायाला समोर सगळे 'मामा' म्हणून हाक मारतात, त्याचीच पाठ वळली की 'तो क्लास फोर आहे' असे सहज म्हटले जाते, आणि इंग्रजीत म्हटल्यामुळे बोलणाऱ्याला आपण काही हलके बोललो असे वाटतही नाही.

'सीएचबी' त्याहून अवघड आहे. 'क्लॉक अवर बेसिस', म्हणजे तासिका तत्त्व, ही मुळात मानधन मोजण्याची पद्धत. पण मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत ती ओळख होऊन बसली आहे. नेट-सेट, पीएच.डी. झालेला, कायम प्राध्यापकाइतकेच मन लावून शिकवणारा माणूस पाहुण्यांसमोर 'हे आमचे सीएचबीचे सर' म्हणून उभा केला जातो. इथे 'सेकंड फिडल'ही बसत नाही, कारण दुसऱ्या व्हायोलिनवाल्याची जागा निदान पक्की असते. सोयरिकीच्या बैठकीत तर पदव्यांची यादी संपायच्या आतच मुलीचे मामा विचारतात, "ते सगळं खरं हो, पण परमनंट का सीएचबी?"