अक्षर माझं नाही

ग्रंथालयाच्या पुस्तकांवर लिहिणाऱ्यांचा मला पूर्वी फार राग यायचा. तुमच्या घरची वही आहे का ही, असं पुटपुटत मी खोडरबर घेऊन बसायचे. मग एका उन्हाळ्यात वेस्ट इंडिजच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या आणि खोडरबर ड्रॉवरमध्येच राहिला.

वेस्ट इंडिजच का, याला उदात्त कारण काही नाही. आमच्या घरी ट्रान्झिस्टरला कान लावून क्रिकेट ऐकायचे. रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल ही नावं भावकीतल्यासारखी तोंडात बसलेली. पण ही माणसं घरी कशावरून भांडतात, पोरांना शाळेत काय शिकवतात, याचा पत्ता नव्हता. जिन्याखालच्या कपाटात, पंख्याचा वारा पोचत नाही अशा जागी, तिकडच्या चार कादंबऱ्या शेजारी शेजारी सापडल्या.

पहिली व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास', १९६१ सालची. उघडली तर समासात गर्दी. एक बारीक पेन्सिल. एक निळं बॉलपेन, ज्याला उद्गारचिन्हाशिवाय बोलताच येत नाही. आणि एक हिरवी शाई, म्हणजे नक्कीच कोणीतरी निवृत्त राजपत्रित अधिकारी.

मोहन बिस्वास हा त्रिनिदादमधला दुकानांच्या पाट्या रंगवणारा तरुण. तुळशी कुटुंबाच्या दुकानात काम करताना शमा नावाची मुलगी आवडते, तो तिला चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी पडते मुलीच्या आईच्या हाती. चार ओळींपायी माणूस बोहल्यावर चढतो आणि हनुमान हाउस नावाच्या भल्याथोरल्या घरात जाऊन पडतो. तिथे सासूबाईंचं राज्य, लेकी आणि जावई सगळे एका छपराखाली, एका चुलीवर. नायपॉल हे प्रकरणभर रंगवत राहतात. बॉलपेननं पहिल्याच पानावर एका शब्दात निकाल लावलाय: 'घरजावई!!' आपल्याकडे हा शब्द आहे म्हणून आपल्याला ती कादंबरी दहा पानं आधी कळते, असं माझं मत झालं. इंग्रज वाचकाला त्या घरातली घुसमट समजावी लागते. आपल्याला जावयाचं ताट कुठे मांडलंय एवढ्यावरून कळतं.

बिस्वास सगळ्यांना नावं ठेवतो. सासू म्हणजे म्हातारी कोंबडी, लाडके मेहुणे म्हणजे छोटे देव. पेन्सिल वैतागते: 'सतत कुरकुर. कमवत का नाही?' त्याखाली हिरवी शाई: 'आपण भाड्याच्या घरात राहिला नसावात.' हे दोघे एकमेकांना कधी भेटले नसणार, मध्ये पाच-दहा वर्षंही गेली असतील, पण सूर थेट सोसायटीच्या सभेतला.

खरी जुंपलीय ती बाहुलीच्या घरापाशी. नाताळला बिस्वास लेकीसाठी, सावीसाठी, खेळण्यातलं मोठं घर आणतो. महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे घालून. पुढच्या भेटीत बघतो तर शमानंच ते मोडून टाकलेलं. बॉलपेन: 'दुष्ट बाई!!!' पेन्सिल: 'बाप स्वतःची हौस भागवतोय.' आणि हिरवी शाई, शांतपणे: 'एकत्र कुटुंबात एकाच मुलासाठी वस्तू आणत नाहीत. तिला बहिणींत राहायचे होते.' मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमच्या वाड्यात एका काकांनी फक्त आपल्या मुलाला तीनचाकी सायकल आणली होती. ती कशी मोडली, हे अजून कोणाला माहीत नाही.

बिस्वासला शेवटी पोर्ट ऑफ स्पेनला सिक्कीम स्ट्रीटवर स्वतःचं घर मिळतं. कर्जात बुडालेलं, जिना धोक्याचा, खिडक्या धड लागत नाहीत. सेहेचाळिसाव्या वर्षी तो मरतो तेव्हाही कर्ज डोक्यावर. तरी तुळशींच्या घरात मेलो नाही, एवढं समाधान त्याला पुरतं. तिथे बॉलपेनचे डोळे भरून आलेले स्पष्ट दिसतात. हिरवी शाई विचारते: 'भोगवटा प्रमाणपत्र पाहिले का?'

एक प्रश्न मात्र पेन्सिलीनं चांगला विचारलाय. पुस्तकाच्या मध्यावर: 'पण इंग्रज कुठे आहेत?' बरोबर आहे. वसाहतीतली गोष्ट म्हणून पुस्तक घ्यावं तर सगळी भांडणं आपापसातली. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिलं: 'आनंदचा निबंध पाहा.' आनंद हा बिस्वासचा मुलगा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शाळेत त्याच्याकडून 'समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस' घोटून घेतला जातो. मोटार, खाऊनं भरलेल्या वेताच्या टोपल्या, सगळे खुशीत. त्रिनिदादच्या या पोरानं तशी टोपली घरात कधी पाहिली असेल की नाही, देव जाणे. एकदा तो ते सगळं सोडून आपण बुडता बुडता कसे वाचलो तेच लिहितो आणि मास्तर दहापैकी बारा गुण देतात. इंग्रज त्या वेताच्या टोपलीत आहे. दारात येऊन उभा राहायची त्याला गरजच नाही.

तुळशींसारखी घरं तिथे पोचली ती कराराच्या मजुरीवरून. 'फातेल रझाक' हे पहिलं जहाज १८४५च्या ३० मे रोजी त्रिनिदादला लागलं आणि ही पद्धत १९१७पर्यंत चालली. मराठी मजूर गेले ते मॉरिशसला. त्रिनिदादच्या जहाजांत मुख्यतः बिहार-अवधकडचे लोक होते, त्यामुळे नातं सांगायला आपल्याला तसा आधार नाही. पण त्रिनिदादची हिंदू मुलं वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात, हे वाचल्यावर मी उगाचच सुखावले.

दुसरं पुस्तक जॉर्ज लॅमिंग यांचं 'इन द कासल ऑफ माय स्किन', बार्बाडोसमधलं, १९५३चं. तेराव्या पानानंतर ते कोरं होतं. तिघांनीही तेराव्या पानावर हात टेकलेले दिसतात. पुढे त्यात एक शाळा येते. तिथे साम्राज्याचा सोहळा साजरा करून मुलांच्या हातावर एकेक पेनी ठेवतात. मुलांच्या कानावर येतं की आपल्याकडे पूर्वी गुलाम होते, आणि ते त्यांना खरंच वाटत नाही. ते पान वाचायला तिघांपैकी कोणी पोचलं असतं, तर समास पुरला नसता.

मग जीन ऱ्हीस. जन्म १८९०चा, डॉमिनिका बेटावरचा. सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेलेली ही बाई १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून मोकळी झाली. 'जेन आयर' या जुन्या इंग्रजी कादंबरीत माळ्यावर कोंडलेली जी वेडी बायको आहे ना, तिचं माहेर कुठलं, ही ती गोष्ट. माहेर जमैकातलं. गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३चा. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, ते मालकांना. गुलामांना शून्य. कादंबरीची सुरुवातच भरपाईची वाट बघून थकलेल्या एका शेजाऱ्यापासून होते. तो आपल्या कुत्र्याला गोळी घालतो आणि समुद्रात पोहत निघून जातो.

इथे बॉलपेन नव्हतं, हिरवी शाई होती आणि चिडलेली होती: 'मालकांची मुलगी. तिच्यासाठी अश्रू का ढाळावेत?' हा आक्षेप मी सहज उडवून लावू शकत नाही. काळी मुलं ॲंत्वानेतच्या, म्हणजे याच मुलीच्या, घरच्यांना 'पांढरी झुरळं' म्हणतात, त्यांचंही कारण खरंच आहे. पेन्सिलीचा प्रश्न आणखी नेमका: 'क्रिस्टोफिन गेली कुठे?' मार्टिनिकची ही काळी दाई ॲंत्वानेतच्या नवऱ्याला तोंडावर खरं सुनावते आणि निघून जाते. जाताना सांगून जाते की मला लिहिता-वाचता येत नाही, बाकी बरंच कळतं. पुन्हा ती पुस्तकात येत नाही.

त्या इंग्रज नवऱ्याला कादंबरीभर नाव नाही. तो मात्र बायकोचं नाव बदलतो. ॲंत्वानेतला बर्था म्हणायला लागतो. ती म्हणते, दुसऱ्याच नावानं हाक मारून तू मला दुसरीच कोणी करतोयस, हाही एक जादूटोणाच. त्या ओळीशेजारी एक चौथंच अक्षर होतं. गोल, शाळेत कित्ता गिरवल्यासारखं, पुसट. एकच शब्द: 'माझंही.'

आपल्याकडे हे किती हौसेनं होतं. ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. माझी आई माहेरी कुसुम होती. मामा आला की तेवढ्यापुरती कुसुम व्हायची, आवाजसुद्धा बदलायचा. मामा गेल्यावर तिला कुसुम म्हणणारं कोणी उरलं नाही. तिला कधी विचारलं नाही, तुला कोणतं आवडायचं म्हणून. या पुस्तकात चौथ्या अक्षराची दुसरी खूण नाही. मी शेवटपर्यंत पानं उलटून पाहिली.

चौथं पुस्तक जमैका किंकेड यांचं 'ॲनी जॉन', १९८५चं, अँटिगामधलं. हे मी हसत हसत वाचलं. ॲनीच्या इतिहासाच्या पुस्तकात कोलंबसाचं बेड्या घातलेलं चित्र आहे. तिकडे घरी आईला पत्र येतं की आजोबांना आता पाय हलवता येत नाहीत. आईचं वडिलांशी बिनसलेलं. ती म्हणते, म्हणजे थोर पुरुषाला आता उठून चालायला लागता येत नाही तर! पोरगी तेच वाक्य, सजवलेल्या अक्षरात, कोलंबसाच्या चित्राखाली लिहून टाकते. बाईंच्या हातात ते पुस्तक पडतं. मॉनिटरपद जातं आणि शिक्षा म्हणून मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'चे पहिले दोन सर्ग उतरवून काढायचे. आईनं आपल्या बापाला मारलेला टोमणा कोलंबसाला इतका चपखल बसावा!

चारही पुस्तकं परत करायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी नेमका बिस्वास उघडला, पानं फर्रकन सोडली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"अक्षर माझं नाही," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात."

"बघा ना, हिरवी शाई आहे. मी हिरव्या शाईनं लिहीत नाही."

त्यांनी पान पुढे सरकवलं. 'आनंदचा निबंध पाहा.' मग माझा सदस्यत्वाचा अर्ज काढून त्याच्याशेजारी ठेवला. दंड वीस रुपये झाला. पावतीवर त्यांनी कारण लिहिलं, 'समासात लेखन', आणि माझं नाव विचारलं.